धावायचं दर वेळी, पण दारात थांबायचं

ठाण्याच्या कोपरीत कुणी ११२ हा आपत्कालीन क्रमांक फिरवला तर तो फोन कोपरी पोलीस ठाण्यात वाजत नाही. तो खाडीपलीकडे महापेला वाजतो, नाहीतर थेट नागपूरला. राज्यभरातले ११२ चे फोन या दोन केंद्रांत घेतले जातात. तिथे हेडफोन लावून बसलेली व्यक्ती नाव, ठिकाण आणि काय घडलंय ते विचारून टाइप करत जाते. त्याचा एक ‘इव्हेंट’ तयार होतो, तो ठाणे शहराच्या नियंत्रण कक्षात उमटतो आणि तिथून जवळच्या गाडीत बसवलेल्या एमडीटी (मोबाइल डेटा टर्मिनल) या यंत्राच्या पडद्यावर. गाडी निघते. किती मिनिटांत पोहोचली याचा हिशेब वर द्यावा लागतो, त्यामुळे चालक सिग्नलला फारसा थांबत नाही. या अख्ख्या साखळीत, समोरचा माणूस खरं बोलतोय की खोटं, हे दाखवणारा दिवा कुठेच नाही. तो कधी बसवता येईल असंही मला वाटत नाही.

खोट्या फोनांवर चर्चा निघाली की लोक हीच गोष्ट विसरतात. अटकेची बातमी आली की पहिली प्रतिक्रिया ठरलेली: अशांना भर चौकात फोडून काढलं पाहिजे. दुसरी प्रतिक्रिया उघड बोलली जात नाही, पण ड्युटीवरच्या थकलेल्या माणसाच्या मनात ती येतेच: नेहमीचंच असणार, बघू जरा वेळानं. पहिलीचा उपयोग शून्य. दुसरी एखाद्या दिवशी कुणाचा तरी जीव घेईल. लांडगा आला रे आला या गोष्टीत पोराला धडा मिळाला म्हणून आपण खूश होतो, पण मेंढ्या गेल्या त्या गावकऱ्यांच्या. पोलिसांना त्या गावकऱ्यांसारखं घरी बसता येत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की, फोन कसाही असो, गाडी पूर्ण वेगानं गेलीच पाहिजे. मात्र दारात पोहोचल्यावर फोनवर ऐकलेलं खरं मानून पोलिसांनी काहीही करू नये. धावायला फोन पुरेसा आहे. हात उचलायला, दार तोडायला किंवा कुणाला जीपमध्ये बसवायला तो पुरेसा नाही. तिथे डोळ्यांनी काय दिसतं तेवढंच धरायचं.

आधी धावण्याबद्दल. ‘बॉम्बच्या अफवा’ हा शब्द आपल्या तोंडात इतका बसलाय की त्यातले काही बॉम्ब खरे होते हेच विसरायला होतं. ३१ मे २००८ रोजी वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात बॉम्ब सापडला. त्यानंतर चारच दिवसांनी, ४ जूनला, ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या वाहनतळात स्फोट झाला. त्या दिवशी तिथे नाटकाचा प्रयोग होता. सात जण जखमी झाले. रंगायतनशेजारच्या तलावपाळीला संध्याकाळी फेरी मारणाऱ्या किती ठाणेकरांना हे आज आठवत असेल? २०१९ च्या जूनमध्ये कळंबोलीत एका शाळेबाहेर उभ्या हातगाडीवर टायमर लावलेलं स्फोटक सापडलं. त्यामागे दहशतवादी संघटना नव्हती, खंडणीसाठी रचलेला डाव होता. पण पाहणाऱ्याला त्या क्षणी हे कसं कळणार? हातगाडीवर बेवारस काहीतरी दिसतंय असा फोन आला आणि नियंत्रण कक्षातल्या माणसानं ‘असेल कुणाची तरी पिशवी’ म्हणून सोडून दिलं, तर त्याला दोष द्यायलाही कदाचित कुणी उरणार नाही.

आता किंमत. २०२५ च्या सप्टेंबरात कळवा स्थानक उडवून देण्याचा फोन आला. झडती झाली, काही सापडलं नाही, एकाला अटक झाली. बातमी तिथे संपली. कळव्याच्या फलाटावर लोकल पकडणाऱ्यांना मात्र माहीत आहे की तिथे नुसतं ‘जरा बाजूला व्हा’ म्हटलं तरी माणसं रुळांवर उतरतात. बॉम्बशोधक व नाशक पथक आणि श्वान पथक ही काही प्रत्येक नाक्यावर उभी नसतात. एका ठिकाणी ती तपासणी करत असतात तेव्हा बाकीच्या शहरासाठी ती नसतात. कुत्र्यालाही मर्यादा आहे. सलग हुंगून ते थकतं, त्याला विश्रांती द्यावी लागते.

त्याहून मोठी किंमत मोजता येत नाही, कारण ती बातमीत येत नाही. कासारवडवलीच्या हद्दीतली रात्रपाळीची गाडी खोट्या फोनवर गायमुख घाटाकडे गेली, की तिला परत फिरायला घोडबंदर रोडच उरतो. रात्री अवजड वाहनं सुटलेली असतात, कुठेतरी मेट्रोचं नाहीतर रस्त्याचं काम असतं, एखादा कंटेनर बंद पडलेला असतो. तेवढ्यात पातलीपाड्याला खरोखर कुणी कुणाच्या डोक्यात सळई घातली, तर गाडी लांबून येणार. ती उशिरा का आली याचं कारण त्या जखमी माणसाला कधीच समजत नाही. तो पोलिसांना शिव्या देतो. खोटा फोन करणारा त्या वेळी घरी झोपलेला असतो.

तरीही बॉम्बच्या धमक्यांपेक्षा मला दुसऱ्या प्रकारचे फोन जास्त धोक्याचे वाटतात. धमकी साऱ्या शहराला दिली जाते. हे दुसरे फोन एका माणसावर नेम धरून केलेले असतात.

२८ डिसेंबर २०१७ ची गोष्ट. अमेरिकेत कॅन्सस राज्यात विचिटा नावाचं शहर आहे. ऑनलाइन गेम खेळणाऱ्या दोघांत दीड डॉलरच्या पैजेवरून वाजलं. एकानं दुसऱ्याला आव्हान देत स्वतःचा म्हणून जुनाच पत्ता दिला, आणि दुसऱ्यानं लॉस एंजेलिसमधल्या एका सराईताला सांगून त्या पत्त्यावर पोलीस पाठवले. या सराईतानं फोनवर सांगितलं की मी वडिलांना गोळी घातली आहे आणि घरच्यांना ओलीस धरलंय. पोलिसांनी घराला वेढा घातला. त्या घरात राहणारा २८ वर्षांचा माणूस, ज्याचा त्या गेमशी काडीचा संबंध नव्हता, बाहेर काय गडबड आहे ते बघायला दारात आला आणि काही सेकंदांत गोळी लागून मेला. फोन करणाऱ्याला २०१९ मध्ये वीस वर्षांची कैद झाली. गोळी झाडणाऱ्या पोलिसावर गुन्हा दाखल झाला नाही, पण शहराला २०२३ मध्ये कुटुंबाला ५० लाख डॉलर देऊन दावा मिटवावा लागला. खोटं बोलणारा गुन्हेगार, यात वाद नाही. मात्र त्या खोट्याचं मरणात रूपांतर कुठे झालं? दारात. फोनवर ऐकलेली गोष्ट डोक्यात घट्ट बसवून पोलीस आले होते आणि समोर रिकाम्या हातांचा माणूस उभा असताना त्यांना ओलीस धरणारा खुनी दिसला.

आपल्याकडे गस्तीवरच्या शिपायाकडे बहुतेक वेळा काठी असते, म्हणून असं होणार नाही असं कुणी म्हणेल. गोळीपुरतं ते खरं असेल. पण नेम धरून पोलीस पाठवणं आपल्याला नवं नाही, आणि कायद्याला तर मुळीच नाही. १८६० च्या दंड संहितेत कलम १८२ खाली एक उदाहरण दिलं होतं: अमुकानं चोरटं मीठ लपवलंय अशी खोटी खबर सरकारी माणसाला द्यायची, म्हणजे त्याच्या घराची झडती होईल आणि त्याला त्रास होईल. ठाण्याच्या मिठागरांच्या पट्ट्यात तेव्हा अशा किती खबरा गेल्या असतील, देव जाणे. आता मिठाची जागा मानवी बॉम्बनं घेतली आहे. २०२५ च्या अनंत चतुर्दशीच्या तोंडावर मुंबई वाहतूक पोलिसांच्या व्हॉट्सॲप हेल्पलाइनवर संदेश आला की ३४ गाड्यांत मानवी बॉम्ब आणि ४०० किलो आरडीएक्स आहे. विसर्जनाच्या बंदोबस्तात आधीच पिचलेल्या यंत्रणेला आणखी कामाला लावणारा हा माणूस नोएडात सापडला. पोलिसांनी दिलेल्या माहितीनुसार त्याला जुन्या वैरातून एका मित्राला अडकवायचं होतं. म्हणजे कोट्यवधींचं शहर वेठीला, भांडण दोघांचं.

याची घरगुती आवृत्ती ठाण्यातल्या कुठल्याही सोसायटीत बघायला मिळते. आमच्याकडे पार्किंगच्या जागेवरून दोन कुटुंबांत महिनोन्‌महिने धुसफुस चालू होती. एका रात्री गाडी आली. फोन असा होता की चौथ्या मजल्यावर एका मुलीला डांबून ठेवलंय. दार उघडलं तेव्हा आत खरोखर एक मुलगी होती, आठेक वर्षांची, तापानं फणफणलेली, आणि तिची आजी कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवत होती. सोबतच्या तरुण शिपायाचा एक पाय आत पडलाच होता. वयस्कर हवालदारानं त्याला हातानं मागे घेतलं, स्वतः उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि म्हणाला, “आजी, घाबरू नका. फोन आला होता म्हणून बघायला आलोय. घरात कोण कोण आहे?” मग मुलीला तिचं नाव विचारलं, शाळा विचारली, तिचे आई-बाबा कुठे आहेत ते तिच्याच तोंडून ऐकलं, औषधाची बाटली बघितली. पाचेक मिनिटांत काम झालं. जाताना “काही लागलं तर आम्हालाच फोन करा” म्हणाला.

हे काम कसं करावं याचा धडा म्हणून ते दृश्य पोलीस प्रशिक्षणात दाखवावं असं मला आजही वाटतं. पण त्याच प्रसंगाचा पुढचा भाग तितका चांगला नाही. सकाळी दूधवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं की त्यांच्याकडे रात्री पोलीस आले होते. का आले आणि काय निघालं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. फोन कुणी केला याचा अंदाज साऱ्या बिल्डिंगला होता. त्या कुटुंबानं तक्रार केली नाही. कशाला नसतं लफडं, असं त्यांचं म्हणणं. पोलिसांनीही स्वतःहून काही केलं नाही. इव्हेंट बंद झाला, विषय संपला. पार्किंगची जागा अजून वादात आहे.

पोलिसांनी स्वतःहून काही का केलं नाही, याचं उत्तर आळस इतकं सोपं नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या कलम १८२ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ नं घेतली. शिक्षा सहा महिन्यांवरून एक वर्षापर्यंत गेली, दंड हजारावरून दहा हजारांपर्यंत. ऐकायला बरं वाटतं. पण गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्याचा तपास करता येत नाही. शिवाय फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम २१५ प्रमाणे न्यायालय त्याची दखल केव्हा घेणार? तर ज्या अधिकाऱ्याला खोटी खबर दिली गेली, त्यानं, त्याच्या वरिष्ठानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या दुसऱ्या सरकारी नोकरानं लेखी फिर्याद केली तरच. म्हणजे दुसऱ्या कुणाला अधिकार दिलेला नसेल तर त्या अधिकाऱ्यानंच कागद तयार करायचे, स्वतः कोर्टात जायचं, तारखांना उभं राहायचं. आणि हे सारं एक वर्षाच्या आत सुरू करायचं, कारण एवढ्या शिक्षेच्या गुन्ह्याला मुदतीची मर्यादा तेवढीच आहे. नवरात्र, निवडणूक, मोर्चे, विसर्जन यांच्या बंदोबस्तातून वेळ काढून हे कोण करणार? मग एखादा नावाजलेला फोन असला, टीव्हीवर आलेला असला, की धमकीची मोठी कलमं लावून अटक होते; रोजच्या रोज माणसांना छळणारे फोन तसेच सुटतात.

उपाय फार खर्चाचा नाही. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही आयुक्तालयांनी फक्त या फिर्यादींसाठी एकेक अधिकारी नेमावा. कॉलची ध्वनिफीत, गाडी कुठे कधी पोहोचली याची नोंद, पोहोचलेल्या अंमलदाराचा जबाब, असा ठरावीक संच नियंत्रण कक्षाकडून थेट त्याच्या टेबलावर यावा. वाहतूक पोलीस ई-चलान पाठवताना हवालदाराला कोर्टात खेटे घालायला लावत नाहीत, मग इथेच तो त्रास का?

मोठ्या शिक्षेच्या मागणीत मला फारसा राम दिसत नाही. २०१७ मध्ये मुंबई-दिल्ली विमानाच्या शौचालयात अपहरणाची चिठ्ठी सापडली आणि विमान अहमदाबादला उतरवावं लागलं. ती ठेवल्याच्या आरोपावरून एका व्यापाऱ्याला २०१९ मध्ये विशेष न्यायालयानं जन्मठेप आणि पाच कोटींचा दंड ठोठावला. केवढी गाजली ती बातमी! २०२३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं. त्याची बातमी मात्र आतल्या पानात गेली. शिक्षा जितकी अवजड, तितका पुरावा भक्कम लागतो, आणि पुरावा भक्कम नसला की सगळंच कोसळतं. त्यापेक्षा दहा हजारांचा दंड झाला, आणि तो झालाच, तर पार्किंगवरून पोलीस पाठवणारा पुढच्या वेळी दहादा विचार करेल. दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा घालणाऱ्याला नव्या संहितेच्या कलम ३५५ खाली सामुदायिक सेवेची शिक्षा देता येते. कलम २१७ ला ती सोय का ठेवली नाही कुणास ठाऊक. खोटा फोन करणाऱ्याला महिनाभर सिव्हिल हॉस्पिटलात स्ट्रेचर ढकलायला लावणं, मला तरी, तुरुंगापेक्षा उजवं वाटतं.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला, तो. खोट्या फोनांविरुद्ध मोहीम निघाली की तिची पहिली झळ खोटं बोलणाऱ्यांना लागत नाही. ती लागते घाबरलेल्यांना.

शेजारच्या भिंतीपलीकडे बाईच्या ओरडण्याचा आवाज ऐकून कुणी ११२ ला फोन करतं. गाडी येते. नवरा दार उघडतो, “काही नाही साहेब, घरगुती आहे” म्हणतो. बाई मागे उभी असते, डोक्यावर पदर, नजर खाली. तिला विचारलं तर तीही म्हणते, काही नाही. नवऱ्यासमोर तिनं दुसरं काय म्हणावं? इव्हेंटवर शेरा पडतो: आपसात मिटले, तक्रार नाही. हा फोन खोटा होता का? आकड्यांच्या हौसेपायी असे फोन ‘तथ्य आढळले नाही’ या खणात टाकले आणि त्या खणाला उद्या कुणी ‘खोटे कॉल’ असं नाव दिलं, तर पुढच्या वेळी शेजारी फोन करणार नाही, आणि त्या बाईची तर हिंमतच होणार नाही. कायद्याची व्याख्या इथे पोलिसांच्या बोलण्यापेक्षा स्वच्छ आहे. माहिती खोटी आहे हे ठाऊक असताना, किंवा तसं वाटत असताना दिली, तरच कलम २१७ लागतं. चुकणं हा गुन्हा नाही. पिशवीत बॉम्ब असेल असं वाटून फोन केला आणि आत डबा निघाला, तर त्या माणसाचे आभार मानायचे असतात.

खिशात बटण दाबलं जाऊन लागलेले फोन वेगळे. ११२ साठी मोबाईलमध्ये पॅनिक बटणाची सोय आहे, पॉवरचं बटण भराभर दाबलं की फोन जातो, आणि लहान पोरांच्या हातात मोबाईल दिला की तो जाणारच. मागून काहीच आवाज न येणारे फोन तर आणखी वेगळे, कारण जी बाई बोलू शकत नाही तीही असाच फोन करते. अशा फोनवर परत फोन करून बघितलाच पाहिजे, आणि तिकडून कुणी पुरुष घाईघाईनं “राँग नंबर” म्हणाला तर तेवढ्यावर विश्वास ठेवू नये.

रोज रात्री ठरलेल्या वेळी फोन करून शिव्या देणारे, बायको सोडून गेली म्हणून पोलिसांशी बोलत बसणारे, कुणीतरी आपल्या मागावर आहे असं सांगणारे, हे लोक नियंत्रण कक्षाला आवाजावरून ओळखता येतात. त्यांना उचलून लॉकअपमध्ये टाकून काय होणार? त्यांच्यातले कित्येक आजारी आहेत. ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे, २०२२ पासून टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चालू आहे. पोलिसांनी अशांची यादी करावी ती अटकेसाठी नको, तिकडे पोचवण्यासाठी.

यादीवरून आणखी एक सुचतं. सिएटलच्या पोलिसांनी २०१८ मध्ये एक नोंदवही सुरू केली. आपल्या पत्त्यावर कुणीतरी खोटा फोन करून पोलीस पाठवेल अशी भीती असलेल्यांनी आधीच नाव नोंदवायचं. मग त्या पत्त्याचा फोन आला की गाडीतल्या पोलिसांना हे आधी कळतं. ते जातात, पण डोळे उघडे ठेवून जातात. घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलेलं जोडपं, भाडेकरूंचं भांडण चालू असलेली खोली, माहितीचा अधिकार वापरून बिल्डरच्या डोळ्यांत खुपणारा माणूस, असे पत्ते आपल्याकडेही भरपूर निघतील. ११२ च्या पडद्यावर पत्त्याशेजारी अशी एक ओळ दाखवायला कितीसं लागतं? अर्थात त्या ओळीचा अर्थ ‘इथे उशिरा गेलं तरी चालेल’ असा घेतला गेला, तर ती नसलेली बरी.

मनुष्यबळ नाही, असं यावर उत्तर येईल. ते खोटं नाही. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ ला प्रवासी विमानं सुरू झाली आणि त्या आयुक्तालयाच्या कामात धमक्यांची एक नवी जागा वाढली. २०२४ च्या ऑक्टोबरात देशभरातल्या शेकडो विमानांना खोट्या धमक्या आल्या तेव्हा काय धावपळ झाली ते आपण पाहिलंय. पण दारात पाच मिनिटं थांबून ‘घरात कोण कोण आहे’ विचारायला जास्तीचा माणूस लागत नाही. शेरा लिहिताना खोटा, चुकीचा आणि मिटवलेला असे तीन वेगळे शब्द वापरायलाही लागत नाही.

आणि ज्यांच्या दारात कुणाच्या तरी खोटेपणामुळे गाडी आली, त्यांना त्या भेटीचा लेखी निष्कर्ष मिळायला हवा: अमुक तारखेला अशी माहिती मिळाली, तपासली, तथ्य नव्हतं. दोन ओळी, सही, शिक्का. तो कागद पोलिसांनी स्वतःहून पोचवावा, दुसऱ्याच दिवशी, साध्या वेशातल्या माणसाच्या हाती. अर्ज करून मागायला लावला तर कुणी मागणार नाही. त्यासाठी पोलीस ठाण्याची पायरी चढताना बघितलं, तरी सोसायटीत पुन्हा तीच चर्चा सुरू होईल.